ठिणगी शोधत फिरणारा हर्ट्झ

गेल्या महिन्यात भाची चार दिवस राहायला आली होती. सोबत लॅपटॉप आणि डोक्यावर एक ऑनलाइन परीक्षा. त्या लॅपटॉपची बिजागरी मध्यंतरी तुटली होती. ती एका दुकानातून बदलून घेतली आणि तेव्हापासून त्याचं वायफाय अशक्त झालं. राउटरशेजारी बसलं की सगळं ठीक, मागच्या खोलीत गेलं की दोन काड्या, मग एक, मग काहीच नाही.

लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड खाली, कीबोर्डच्या पोटात असतं. पण त्याचे अँटेना बहुतेक वेळा वर, पडद्याच्या चौकटीत बसवलेले असतात. त्यांच्या बारीक वायरी बिजागरीतून खाली येतात. दुरुस्तीत त्यातली एखादी सुटली किंवा चिमटली, की कार्ड धडधाकट असूनही बहिरं होतं. परीक्षा दोन दिवसांवर आलेली, लॅपटॉप पुन्हा उघडायला वेळ नाही. म्हणून बाजारातून बाहेरून लावायचा अ‍ॅडॉप्टर, म्हणजे ज्याला दुकानदार वायफाय डोंगल म्हणतात तो, आणला आणि यूएसबीच्या खाचेत खोचला. फरक शून्य.

यात दोन चुका होत्या. पहिली चूक सोपी. आतलं कार्ड आणि बाहेरचा डोंगल दोन्ही चालू असतील, तर कोणत्या वाटेने जायचं ते लॅपटॉप स्वतः ठरवतो, आणि तो जुन्याच वाटेने जात होता. विंडोजमधल्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्सच्या यादीत जाऊन आतलं कार्ड बंद केलं. (तसं करण्याआधी डोंगलचा ड्रायव्हर बसलेला आहे आणि तो एकट्याने चालतो आहे, याची खात्री करा. नाहीतर दोन्हीकडून नेट जातं. कार्ड बंद करणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. त्याच यादीतून ते पुन्हा चालू करता येतं.) दुसरी चूक जागेची होती. डोंगल लॅपटॉपला अगदी चिकटून होता, शेजारी यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क. या जातीच्या यूएसबीतून नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत गोंगाट बाहेर पडतो. एक हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावली, डोंगल हातात धरला, आणि भाची टेबलावरून कपाटाकडे, कपाटावरून खिडकीकडे तो फिरवू लागली. एका जागी तीन काड्या, चार बोटं सरकवलं की एक, पुन्हा चार बोटं सरकवलं की तीन. उभा धरला तर बरं, आडवा धरला तर वाईट. तिला हे भूतबाधेसारखं वाटलं.

मला मात्र हाइनरिश हर्ट्झ आठवला. हातात एक यंत्र धरून खोलीभर फिरायचं, कुठे खूण मिळते आणि कुठे मरते ते पाहायचं, ते उभं-आडवं करून बघायचं: सुमारे १३८ वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कार्ल्सरूह या गावात त्याने हेच केलं होतं. त्याचं नाव आपण रोज घेतो. २.४ गिगाहर्ट्झ, ५ गिगाहर्ट्झ, संगणकाचा वेग, टीव्हीच्या पडद्याचा वेग. पण तो माणूस कोण, आणि सदतीस वर्षंही पुरी न होता का गेला, हे फारसं सांगितलं जात नाही.

हाइनरिशचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्गमध्ये झाला. वडील गुस्टाव्ह वकील, पुढे शहराच्या सिनेटचे सदस्य झाले. वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, नंतर ख्रिस्ती झालेलं. मुलगा अभ्यासात हुशार होता, भाषांची ओढ असल्यामुळे अरबी शिकत होता. पण त्याचा जीव रमायचा सुतारकामाच्या टेबलावर आणि लेथवर. लाकूड आणि धातू कातून तो स्वतःची उपकरणं बनवायचा. पुढे तो प्राध्यापक झाल्याचं कळल्यावर त्याला लेथ शिकवणारे उस्ताद हळहळले म्हणे, की काय उत्तम कातारी फुकट गेला! ही आठवण त्याच्या आईने लिहून ठेवली आहे. मला ती महत्त्वाची वाटते, कारण पुढचे सगळे प्रयोग या हातांनी केले. जस्ताचे पत्रे वाकवणं, तारा ताणणं, फटीतलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवणं, हे काम पुस्तकी माणसाचं नव्हतं.

घरच्यांच्या आणि स्वतःच्याही मनात इंजिनीअर व्हायचं होतं. फ्रँकफर्टला प्रत्यक्ष कामाचा अनुभव, ड्रेस्डेनला थोडं शिक्षण, मग बर्लिनमध्ये वर्षभर लष्करी सेवा. १८७७ मध्ये म्युनिकला पोहोचल्यावर मात्र त्याचा निश्चय फिरला. आपल्याला शास्त्रच करायचं आहे, असं त्याने वडिलांना पत्राने कळवलं आणि परवानगी मागितली. ती मिळाली. पुढच्या वर्षी तो बर्लिनला हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्याकडे गेला.

हेल्महोल्ट्झ म्हणजे त्या काळातले जर्मन विज्ञानाचे कुलगुरूच. मूळचे डॉक्टर, डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण त्यांनीच शोधलेलं. त्यांना हा पोरगा लगेच आवडला. त्या वेळी विजेच्या शास्त्रात एक मोठा तंटा पडलेला होता. स्कॉटलंडचे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवलं होतं, की वीज आणि चुंबकत्व यांच्या लहरी असू शकतात, त्या प्रकाशाच्या वेगाने जातात आणि प्रकाश ही त्यांचीच एक जात आहे. युरोपातल्या पुष्कळ शास्त्रज्ञांना हे पटत नव्हतं. प्रयोगाने दाखवा, तरच मानू. १८७९ मध्ये बर्लिनच्या अकादमीने याच्याशी संबंधित एका प्रश्नावर बक्षीस लावलं आणि हेल्महोल्ट्झनी ते काम हर्ट्झला सुचवलं. हर्ट्झने हिशेब केला. काम काही वर्षं खाणार, आणि हाती असलेल्या साधनांनी यश येईल याची खात्री नाही. त्याने चक्क नकार दिला. वयाच्या बाविसाव्या वर्षी अशा गुरूला नाही म्हणायला धीर लागतो, आणि आपल्या हाताची मर्यादा ओळखायला त्याहून जास्त. पण प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही.

१८८० मध्ये डॉक्टरेट, तीन वर्षं हेल्महोल्ट्झ यांचा सहायक, मग कीलच्या विद्यापीठात दोन वर्षं. तिथे प्रयोगशाळा धड नव्हती म्हणून त्याने मॅक्सवेलची समीकरणं घेऊन कागदावरच काम केलं. १८८५ मध्ये कार्ल्सरूहच्या तंत्रशाळेत प्राध्यापकी मिळाली आणि दिवस पालटले. तिथे चांगली उपकरणं होती. पुढच्याच वर्षी तिथल्याच एका सहकाऱ्याची मुलगी एलिझाबेथ डॉल हिच्याशी लग्न झालं.

लग्नानंतर काही महिन्यांनी, १८८६ च्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, तो तारेची दोन चपटी वेटोळी घेऊन वर्गासाठी प्रयोग करत होता. एका वेटोळ्यात विजेची ठिणगी पाडली की दुसऱ्या, अगदी वेगळ्या ठेवलेल्या वेटोळ्याच्या फटीतही बारीक ठिणगी पडते, हे त्याच्या लक्षात आलं. इतरांनी हे पाहिलंही असेल. हर्ट्झ तिथे थांबला. इतक्या छोट्या धक्क्याने इतक्या दूर ठिणगी पडते, म्हणजे वीज फार वेगाने पुढे-मागे झोके घेत असली पाहिजे. बर्लिनमध्ये सात वर्षांपूर्वी ज्या साधनाअभावी नकार दिला, ते साधन हेच.

मग त्याने दोन गोष्टी बनवल्या. एक, लहरी सोडणारं यंत्र: तांब्याच्या दोन सरळ तारा, बाहेरच्या टोकांना जस्ताचे गोळे, मध्ये छोटी फट, आणि त्या फटीत ठिणग्या पाडणारं प्रेरण-वेटोळं. हा झाला आजचा राउटर. दोन, लहर पकडणारं यंत्र: तारेचं एक कडं, एका जागी जरासं तुटलेलं, आणि त्या तुटीचं अंतर स्क्रूने कमी-जास्त करता येईल असं. याला ना बॅटरी ना जोडणी. सुटं, हातात धरून कुठेही नेता येणारं. हा झाला भाचीच्या हातातला डोंगल. लहर आली की कड्याच्या तुटीत ठिणगी चमकते. ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी, म्हणून खोली पूर्ण अंधारी करून, डोळे अंधाराला सरावले की मगच दिसायची. महिनोन् महिने हा माणूस अंधारात ते कडं घेऊन फिरत होता.

१८८८ मध्ये त्याने हा प्रयोग आपल्या व्याख्यानाच्या दालनात केला. दालन १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद, ६ मीटर उंच. दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांच्या रांगा. त्या जवळजवळ भिंतीसारख्याच वागतात, हे त्याने ओळखलं आणि मधली साडेआठ मीटरची पट्टीच कामाची धरली. छतावरून लोंबणाऱ्या गॅसच्या नळ्या आणि झुंबरं काढून टाकली. एका टोकाच्या भिंतीवर ४ मीटर उंच, २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला, दुसऱ्या टोकाला यंत्र ठेवलं. लहर पत्र्यावर आपटून परत फिरते, येणारी आणि जाणारी लहर एकमेकींत मिसळते. काही जागी दोघींची भर पडते, काही जागी त्या एकमेकींना खोडतात. हर्ट्झ कडं घेऊन भिंतीपासून दूर चालू लागला. ठिणगी वाढली, मग मंद झाली, मेली, पुन्हा जागी झाली. मेलेल्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे लहरीची निम्मी लांबी. ती सुमारे पावणेपाच मीटर भरली, म्हणजे पूर्ण लहर साडेनऊ मीटरच्या आसपास. अंधारात चालत जाऊन एका माणसाने अदृश्य लहरीची लांबी मोजली होती.

आता आपल्या मागच्या खोलीत या. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटिमीटर. घरात भिंती, गोदरेजचं कपाट, फ्रिज, खिडकीचे गज या सगळ्यांवरून ती उसळते. म्हणून भरीच्या आणि खोडीच्या जागा तीन-तीन, सहा-सहा सेंटिमीटरवर असतात. आपल्याला चार बोटं सरकवल्यावर जो फरक दिसला, तो हाच. लॅपटॉपच्या आतला अँटेना पडद्याच्या चौकटीत जखडलेला; तो खोडीच्या जागी सापडला, तर आख्खा लॅपटॉप उचलून हलवावा लागतो. आजच्या कार्डांना दोन अँटेना देतात, ते बरंचसं याचसाठी: एक खोडीत अडकला तर दुसरा तरी भरीत असेल. भाचीच्या लॅपटॉपात त्यातला एक दुरुस्तीतच निकामी झाला असावा. बाहेरच्या डोंगलचा खरा फायदा त्याच्या ताकदीत कमी आणि त्याला जागा बदलता येते यात जास्त. डब्यावर मोठमोठे आकडे छापलेला महाग डोंगल लॅपटॉपच्या मागच्या खाचेत खुपसून ठेवला, तर तो साध्या डोंगलपेक्षा बरा चालेलच असं नाही.

हर्ट्झच्या दालनानेही त्याला फसवलं होतं. तारेतून जाणाऱ्या आणि हवेतून जाणाऱ्या लहरींचा वेग त्याला वेगवेगळा मिळाला. मॅक्सवेलच्या मते तो सारखाच असायला हवा. दोष सिद्धान्ताचा नव्हता, त्या जागेचा होता. भिंती आणि लोखंडी सामान लहरींमध्ये लुडबुड करत होतं. काही वर्षांनी जिनिव्हात बऱ्याच मोठ्या दालनात हाच प्रयोग झाला तेव्हा दोन्ही वेग सारखे निघाले. शिवाय त्याच्या एका आकडेमोडीतली चूक फ्रान्सच्या आँरी प्वांकारे यांनी दाखवून दिली, आणि ती त्याने मान्य केली.

याच काळातली आणखी एक गोष्ट या सदरासाठी फार मोलाची आहे. ठिणगी नीट दिसावी म्हणून हर्ट्झने कड्याभोवती एक काळी पेटी बसवली. ठिणगी उलट लहान झाली! आधीच चमत्कारिक, अंधारात ती अधिक ठळक दिसायला हवी. त्याने पेटीची एकेक बाजू काढून पाहिली. पहिल्या यंत्राच्या ठिणगीकडे असलेली बाजू बंद केली की परिणाम होतो. काच ठेवली तरी होतो, पण क्वार्ट्झ ठेवला तर होत नाही. निष्कर्ष: मोठ्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण कड्याच्या धातूवर पडतात आणि तिथे ठिणगी पडणं सोपं करतात. हे त्याने १८८७ मध्ये छापलं आणि मूळ वाटेला परत लागला. त्या परिणामाचा उलगडा आइन्स्टाइनने १९०५ मध्ये केला, आणि त्याचं नोबेल मुख्यतः त्यासाठीच.

वायफायमुळे कॅन्सर होतो का, असा प्रश्न वाचक सतत विचारतात. त्याच्या उत्तराचं मूळ या पेटीत आहे. प्रकाश असो वा रेडिओ लहर, ऊर्जा पुड्यांनी येते, आणि पुडीचं वजन कंप्रतेवर अवलंबून असतं. अतिनील किरणाची पुडी धातूतून इलेक्ट्रॉन उडवू शकते, त्वचेच्या पेशींतल्या डीएनएला इजा करू शकते. २.४ गिगाहर्ट्झची पुडी तिच्याहून लाखो पट हलकी आहे; ती कितीही आल्या तरी तो प्रकार करत नाही. फार तर ऊब देते, आणि घरच्या राउटरची ताकद साधारण एक दशांश वॅट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना संशयाच्या यादीत ठेवलं, हेही खरं. तो मुख्यतः डोक्याला टेकवलेल्या मोबाइलच्या अभ्यासांवरून घेतलेला सावध निर्णय होता. कपाटावर ठेवलेल्या डोंगलची धास्ती घेण्याचं कारण मला दिसत नाही. त्याच हर्ट्झच्या दुसऱ्या टोकाच्या किरणांची, म्हणजे दुपारच्या उन्हाची, काळजी घ्या.

डिसेंबर १८८८ मध्ये त्याने शेवटचा आणि सगळ्यात देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. आता लहर ६६ सेंटिमीटरच्या आसपास आणली होती. जस्ताचे दोन मीटर उंच अंतर्गोल आरसे, एकात सोडणारं यंत्र, दुसऱ्यात पकडणारं. लहर झोतासारखी सरळ जाते, हे दाखवलं. ती लाकडी दारातून पलीकडच्या खोलीत जाते, पण धातूच्या पत्र्याने अडते. मदतनीस झोताच्या आडवा चालत गेला, की पलीकडची ठिणगी विझते आणि तो बाजूला झाला की पुन्हा पेटते. (आपलं शरीर वायफाय अडवतं, हे घरात माणसं जमल्यावर लक्षात येतं ते यामुळेच.) समांतर तारांची एक मोठी चौकट त्याने वाटेत धरली: तारा एका दिशेला असल्या तर लहर आरपार, चौकट काटकोनात फिरवली तर बंद. डोंगल उभा-आडवा केल्याने फरक का पडतो, याचं उत्तर यात आहे. शेवटी डांबरासारख्या कठीण पदार्थाचा सहाशे किलोच्या आसपासचा लोलक ओतून घेतला आणि काचेने प्रकाश वळतो तशी लहर वळवून दाखवली. मॅक्सवेलबद्दलचा तंटा मिटला. हर्ट्झ तेव्हा एकतीस वर्षांचा होता. मॅक्सवेल हे पाहायला नव्हते; ते १८७९ मध्येच वारले होते.

या सगळ्याचा व्यवहारात काही उपयोग आहे, असं हर्ट्झला वाटलं नाही. म्युनिकच्या एका इंजिनीअरने १८८९ मध्ये पत्र लिहून विचारलं, की तुमच्या लहरींनी तारेवाचून टेलिफोन होईल का. हर्ट्झने हिशेब करून कळवलं, की आवाजाच्या कंपनांची लहर शेकडो किलोमीटर लांब होईल आणि तिच्यासाठी खंडाएवढा आरसा लागेल. गणित बिनचूक होतं. फक्त आवाज वेगवान लहरीच्या पाठीवर बसवून पाठवता येतो, ही कल्पना तेव्हा कुणाला सुचली नव्हती.

१८८९ मध्ये बॉनच्या विद्यापीठाने त्याला बोलावलं. मान, पदकं, लंडनच्या रॉयल सोसायटीचं रमफर्ड पदक, सगळं आलं. दोन मुली झाल्या, योहाना आणि माटिल्ड. आणि दुखणं आलं. दातांचा त्रास कार्ल्सरूहपासूनच होता. १८९२ च्या उन्हाळ्यात सर्दी झाली ती गेलीच नाही. नाक बंद, मग सायनस, मग कान, कानामागच्या हाडात पू. शस्त्रक्रिया झाल्या, एकामागून एक. थोडं बरं वाटायचं, पुन्हा परतायचं. प्रयोग थांबले, पण कागदावरचं काम थांबलं नाही. यंत्रशास्त्राची मूलतत्त्वं नव्याने मांडणारा ग्रंथ तो या दुखण्यातच लिहीत राहिला. डिसेंबर १८९३ मध्ये त्याने आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात शोक करू नका, थोडंच जगूनही पुरेसं जगलेल्या मोजक्यांत मी आहे याचा अभिमान बाळगा, अशा अर्थाचं काही सांगितलं. १ जानेवारी १८९४ रोजी रक्तात विष पसरून तो गेला. मोठी मुलगी सहा वर्षांची होती, धाकटी तीनही पुरी नव्हती. ग्रंथ त्याच वर्षी हेल्महोल्ट्झ यांच्या प्रस्तावनेसह निघाला, आणि वर्ष संपायच्या आत हेल्महोल्ट्झही गेले.

त्याचं दुखणं साधं नसावं. लक्षणांवरून आजचे अभ्यासक ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस या आजाराचं नाव घेतात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. सुरुवात बहुधा नाक, सायनस, कान इथून होते, पुढे फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सापडतात. १९५० च्या दशकातल्या नोंदींनुसार उपचारांवाचून रोगी सरासरी पाच महिने जगत असे. आज स्टिरॉइड, सायक्लोफॉस्फमाइड, रिटुक्सिमॅब यांसारख्या औषधांनी बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो, पण वेळेवर ओळखला तर. आठवड्यांमागून आठवडे न हटणारी सर्दी, नाकातून रक्ताळलेल्या खपल्या, एकीकडे कान वाहणं, सोबत बारीक ताप, वजन घटणं, सांधे दुखणं, थुंकीत रक्त, यांपैकी काही एकत्र दिसलं, तर अँटिबायोटिकचे कोर्स बदलत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकाची आतून तपासणी, लघवीची साधी तपासणी आणि एएनसीए ही रक्ताची तपासणी करून घेण्याबद्दल विचारा. लघवीची तपासणी स्वस्त आहे आणि मूत्रपिंडाची इजा कुठलाही त्रास जाणवण्याआधी तीच दाखवते.

या आजाराच्या नावामागे एक विचित्र योगायोग आहे. पूर्वी त्याला जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश वेगनर यांचं नाव होतं. हे वेगनर नाझी पक्षाचे सदस्य होते, हे उघड झाल्यावर २०११ मध्ये वैद्यकीय संघटनांनी ते नाव हटवलं. आणि त्याच नाझींनी हर्ट्झचं ज्यू घराणं काढून हॅम्बुर्गच्या नगरगृहातलं त्याचं चित्र उतरवलं होतं. त्याची पत्नी आणि मुली देश सोडून इंग्लंडला गेल्या. धाकटी माटिल्ड तोवर जीवशास्त्रज्ञ म्हणून नावाजली होती. मधमाश्यांना आकार कसे ओळखू येतात, यावर तिचं काम होतं. १९३३ मध्ये तिचा शिकवण्याचा अधिकार काढून घेतला गेला.

त्याच्या नावाचं एकक मात्र टिकलं. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ असं ठरवलं, १९६० मध्ये ते जगभरच्या मापनपद्धतीत गेलं. आपल्याकडच्या जुन्या रेडिओंच्या तबकडीवर त्यानंतरही बरीच वर्षं किलोसायकल, मेगासायकल अशीच खूण असायची.

हर्ट्झच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी लंडनमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी त्याच्या कामावर व्याख्यान दिलं, ते छापून निघालं, आणि कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी ते वाचून अवघ्या काही मिलिमीटरच्या लहरी निर्माण केल्या. इटलीत तरुण मार्कोनी हर्ट्झवरचा मृत्युलेख वाचून कामाला लागला, असं सांगतात. घराण्यातही वारसा चालू राहिला. पुतण्या गुस्टाव्ह हर्ट्झ याला १९२५ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गुस्टाव्हचा मुलगा कार्ल हेलमुट याने स्वीडनमधल्या लुंड गावी हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांच्यासोबत १९५३ मध्ये जहाजबांधणीच्या कारखान्यातलं ध्वनिलहरींचं यंत्र उसनं आणून त्याने हृदयाची हालचाल टिपली. आज डॉक्टर लिहून देतात तो टू-डी इको या प्रयोगातून वाढला. ध्वनिलहरी हृदयावरून उसळून परत येतात आणि डॉक्टर हातातलं यंत्र छातीवर बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत, तिरकं करत, चित्र कुठे स्वच्छ येतं ते शोधतात.

भाचीची परीक्षा नीट पार पडली. डोंगल कपाटाच्या लाकडी कडेला, खिडकीच्या गजांपासून दूर, रबरबँडने उभा बांधून ठेवला होता, आणि त्या जागी तिने पेन्सिलीने बारीक खूण केली. ती गेल्यावर आतलं कार्ड पुन्हा चालू करायचं राहून गेलं, असा फोन दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा आला. घरी डोंगल काढल्यावर वायफायच दिसेना. यादीत जाऊन पुन्हा चालू कर, एवढंच सांगावं लागलं. बिजागरीतली वायर अजून बसवून घ्यायची आहे.